खंडेनवमीची कुंची

“ह्यास्नी पाणी लावायचं न्हाई,” असं म्हणून धर्मानानानं माझ्या हातातल्या आठ कुंच्या परत माझ्याच छातीवर ढकलल्या.

“का?”

“डाक्तरसायबाचा हुकूम हाय.”

“नाना, वास तरी बघा! उद्या खंडेनवमी. असली घाण पूजेत मांडू व्हय?”

“मग मांडू नगंस. पर माझ्या घाटावर ह्या धुतल्या जाणार न्हाईत.”

घाट कसला, फ्रान्समधल्या त्या खेड्यात एका गोठ्यामागं गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद होता. धर्मानाना आमच्या पलटणीचा परीट. कृष्णाकाठच्या भुईंजचा. वय पन्नाशीला आलेलं, अंगानं काटक आणि आवाज असा खणखणीत, की हौदावरनं हाक मारली तर दोन शेतांपलीकडचा घोडासुद्धा कान टवकारायचा. त्या हौदाला तो घाट म्हणायचा आणि तिथं त्याचंच राज्य चालायचं. कप्तानसाहेबाचा शर्ट असो की माझा लंगोट, कधी धुवायचा आणि कसा धुवायचा हे तोच ठरवणार.

कुंची हे नाव आमचं. सरकारी नाव इंग्रजी होतं आणि आमच्या कुणाच्या तोंडात मावत नव्हतं. जर्मन लोक विषारी धूर सोडायचे, तो छातीत गेला की माणूस जमिनीवर उभ्या उभ्या बुडून मरायचा. त्यापासून जीव वाचवायला सरकारनं जाड लोकरी फ्लॅनेलच्या पिशव्या दिल्या होत्या. डोक्यावरून घालायची, खालचा घेर कोटाच्या गळ्यात खोचायचा, आणि डोळ्यांपुढच्या अभ्रकाच्या चौकोनातून बघायचं. पहिल्यांदा घातली तेव्हा मला माझ्या धाकट्या भावाची कुंची आठवली. दाढीमिशा आलेले आठ गडी एका ओळीत कुंच्या घालून बसले की हसू यायचं, पण हसलं की अभ्रकावर वाफ धरायची.

वास मात्र हसण्यासारखा नव्हता. दवाखान्याची मोरी आणि जुना घाम एकत्र केल्यासारखा. वर कापड चिकट, मानेला खाज सुटायची. मी भाद्रपदात नव्या तुकडीबरोबर आलो होतो. कुंच्यांचं शिक्षण पलटणीला त्याच्या आधीच देऊन झालं होतं. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धूर अडवतं ते जाड कापड आणि वास येतो तो माणसांचा, असं माझं मी ठरवून टाकलं. वय एकोणीस, गाव जावळी तालुक्यातलं, आणि अक्कल साहजिकच दुसऱ्याला विचारण्याइतकी कमी नव्हती.

आमच्या टोळीचे हवालदार सुभानराव शेलार. आम्ही लढणारे कमी आणि खणणारे जास्त. खंदक खोदायचे, ढासळलेले बांधायचे, तारा ठोकायच्या. पूजेची जबाबदारी सुभानरावांनी माझ्यावर टाकली होती. म्हणाले होते, “बंदुका मांड, कुदळी-फावडी मांड, आणि कुंच्यापण मांड. जीव राखतं ते हत्यारच. पर समदं लख्ख पायजे बरं का भिवा. देवाफुडं मळ चालायचा न्हाई.”

धर्मानानानं हाकलल्यावर मी चिडलो. म्हाताऱ्याला काम नको म्हणून साहेबाचं नाव पुढं करतोय, असं वाटलं. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या घरमालकीण आजीकडून मी एक टब मागून घेतला, पिवळ्या साबणाची वडी घेतली आणि गोठ्यात बसून आठही कुंच्या घासघासून धुतल्या. पाणी गढूळ आणि बुळबुळीत झालं. तीन वेळा बदललं. चौथ्या पाण्यात वास गेला. मग आजीच्या चुलीपुढं दोरीवर टाकून वाळवल्या. हाताला मऊ लागायला लागल्या तेव्हा मला इतका आनंद झाला, की आईला पत्रातून कळवावं असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा मांडली. फुलं म्हणून आजीनं पिवळी शेवंती दिली. हळद स्वयंपाकाची. तिच्यात सुभानरावांच्या तंबाखूच्या डबीतला चुना मिसळला, तेव्हा लालभडक कुंकू झालं. नारळ मात्र कुठून आणणार? त्याच्या जागी सफरचंद ठेवलं. आठ बंदुका, आठ कुदळी-फावडी, आठ कुंच्या. सगळं आठ-आठ झालं, आणि नवमीला काहीतरी नववं असावं असं माझ्या डोक्यात आलं.

तसाच उठून हौदावर गेलो. खरं सांगायचं तर कालची कुरबुर मिटवावी एवढंच मनात होतं. धर्मानाना कप्तानसाहेबाच्या शर्टांना इस्त्री करत होता. कोळशाची पितळी इस्त्री, त्यानं देशातून स्वतःच्या वळकटीत बांधून आणलेली.

“नाना, इस्त्री द्या.”

“कशाला?”

“पूजेत मांडायला. आमची कुदळ तशी तुमची इस्त्री. हत्यारच की.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग निखारे ओतून टाकले, राख झटकली, आपल्या उपरण्यानं इस्त्री पुसली आणि दोन्ही हातांवर धरून माझ्यापुढं केली. “गरम हाय,” एवढंच म्हणाला.

“तुम्ही पण चला.”

“सायबाच्या तीन शर्टांच्या घड्या राहिल्यात. तेवढ्या घालतो नि येतो.”

पूजेपाशी केरू जगदाळे म्हणाला, “शस्त्रांच्या वळीत परटाची इस्त्री रं?” मी म्हटलं, “तुझा कोट कडक कुणामुळं दिसतो?” सगळे हसले आणि विषय तिथंच संपला. मी इस्त्री मधोमध ठेवली, सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. सुभानरावांनी एक कुंची हातात घेतली, नाकाशी नेली आणि माझी पाठ थोपटली. “झकास केल्यास!”

आरती संपते न संपते तोच निरोप आला. पुढच्या खंदकाची भिंत तोफेच्या गोळ्यानं बसली होती, ताबडतोब निघायचं. धर्मानानाचा प्रसाद पानावर काढून इस्त्रीशेजारी ठेवला, कुंच्या गळ्यातल्या थैल्यांत भरल्या आणि आम्ही चालू लागलो.

दोन अडीच मैल नागमोडी चरातून गेलो आणि दुपारी कामाला लागलो. समोर जर्मन खंदक, हाकेच्या अंतरावर. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांनी काठीला एक चिंधी बांधली होती, वारा कुठला हे बघायला. आम्ही पोचलो तेव्हा ती जर्मनांकडे तोंड करून फडफडत होती. तासाभरानं लोंबकळली. त्यानंतर हळूच आमच्याकडे वळली. सुभानराव फावडं मारता मारता सारखे तिच्याकडे बघायला लागले.

एवढ्यात केरू ओरडला, “आरं, ह्यो बघा कोन आला!”

वाकून, धापा टाकत, धर्मानाना येत होता. खांद्यावर कावड, कावडीला दोन पत्र्याचे डबे, आणि डोक्यावर इस्त्री केलेल्या शर्टांचं गाठोडं. परटाला इथवर यायची परवानगीच नव्हती. वाटेत तीन ठिकाणी अडवलं, तर तिन्ही ठिकाणी गाठोडं दाखवून ‘सायबाचे शर्ट, सायबाचे शर्ट’ म्हणत तो पुढं सटकला होता.

“नाना, सायब इथं नाहीत,” मी म्हटलं.

त्यानं कावड टेकवली आणि माझं मनगट धरून मला कोपऱ्यात ओढलं. आवाज एकदम खाली आणला. त्याला असं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“कुंच्या धुतल्यास.”

मी मान हलवली.

“इस्त्री न्यायला गेलो, तर गोठ्यात टब दिसला. शेजारी वतलेल्या गढूळ पाण्याला औषधाचा वास. आरं लेका, त्यो वास म्हंजीच कुंची! कापड औषधात बुडवून वाळवत्यात. औषध धुराला मारतं, कापड न्हाई. तू त्येच काढून टाकलंस. आता त्या नुसत्या पिशव्या हाईत.”

समोर सात माणसं खणत होती. सुभानरावांना तीन मुली होत्या. केरूचं लग्न ठरलेलं होतं. त्या सातही जणांच्या गळ्यात मी माझ्या हातानं मरण धुऊन, वाळवून, घडी घालून अडकवलं होतं. आणि चिंधी आमच्याकडे तोंड करून फडफडत होती.

“रडत बसू नगंस,” तो म्हणाला. “खंदकात फवारायचं औषध कोठारात असतंय, त्येच हाय ह्या डब्यांत. दोन्ही एकच, डाक्तरसायबानं मला दावलंय. कुंच्या गोळा कर. पटदिशी!”

आणि मग त्याच्या नेहमीच्या आवाजात सगळ्यांना हाक दिली, “डाक्तरसायबाचा हुकूम! कुंच्या परत भिजवून घालायच्या हाईत! चला, आना हिकडं!”

कुणी काही विचारलं नाही. हुकूम म्हटलं की फौजेत कुणी विचारत नाही. धर्मानाना डब्यापुढं उकिडवा बसला. एकेक कुंची आत बुचकळायची, मुठीनं दाबून औषध मुरवायचं, निथळेल एवढीच पिळायची आणि मालकाच्या हातात द्यायची. आयुष्यभर कापड पिळलेले ते हात. एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही. मी नुसता डबा धरून बसलो.

सातवी पिळून झाली आणि पहाऱ्यावर टांगलेली तोफेच्या गोळ्याची पितळी नळी, म्हणजे धुराची घंटा, कुणीतरी ठणाठणा बडवायला लागलं.

मी वर बघितलं. चुलीचा धूर वर जातो. हा धूर वर जात नव्हता, पिवळट हिरवा, जमिनीला धरून सरपटत येत होता, खड्डा आला की त्यात उतरत होता.

“घाला! घाला!” सुभानराव ओरडले.

आठवी कुंची माझी. ती धर्मानानानं पिळली, माझ्या डोक्यावरून ओढली आणि लहान पोराला बांधावी तशी माझ्या कोटाच्या गळ्यात चारी बाजूंनी खोचली. अभ्रकातून मला त्याचं तोंड दिसलं, उघडं.

“तुमची?” मी आतून ओरडलो.

“हाय की!” तो म्हणाला आणि गाठोड्यावर थाप मारली.

गाठोड्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. परटांना कुंच्या मिळतच नव्हत्या. मी माझी काढायला गेलो, तर त्यानं माझे दोन्ही हात असे आवळले की हाडं दुखली. नंतर त्यानं कप्तानसाहेबाचे ते तीन कडक शर्ट एकापाठोपाठ डब्यात बुचकळले, तोंडानाकावर घट्ट गुंडाळले आणि डोळे मिटून भिंतीला टेकून बसला.

पाऊण तास. ओल्या फ्लॅनेलमधून श्वास ओढायचा म्हणजे भरल्या गोणीतून वारा ओढल्यासारखं. मानेवरनं औषध ओघळत होतं, डोळे झोंबत होते, पण आत येत होती ती हवा होती. तोच घाणेरडा, दवाखान्याच्या मोरीचा वास. त्या पाऊण तासात मी तो छातीभरून घेतला आणि प्रत्येक श्वासाला देवाचे आभार मानले. एका हातानं धर्मानानाचा हात धरून ठेवला होता. तो मधेच जोरात आवळायचा, मधेच सैल पडायचा. सैल पडला की मी हलवायचो.

वाऱ्यानं ढग मागं नेला. आठही जण उठलो. कुणाला खोकला आला, केरू ओकला, पण आठच्या आठ जिते होते. धर्मानानानं शर्ट सोडले. डोळे लालबुंद, ओठ निळसर. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर नुसती घरघर बाहेर आली. तो खणखणीत आवाज गेला तो गेलाच.

दहा दिवसांनी त्याला दवाखान्यातून सोडलं आणि कप्तानसाहेबांनी चौकशी मांडली. परीट पहिल्या खंदकात गेला कसा? शर्टांचं पोतेरं कुणी केलं? आणि हवालदाराच्या टोळीला कुंच्या पुन्हा भिजवायची वेळ का आली? डॉक्टरनं तर असा हुकूम दिला नव्हता.

मी आणि सुभानराव एका बाजूला उभे, धर्मानाना दुसऱ्या बाजूला. मी बोलणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याची ती घरघर ऐकू आली.

“मी धुतल्या सायब. परटाची जात. मळकं दिसलं की हात ऱ्हात न्हाई. चूक उमगली म्हून धावत गेलो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सुभानरावांनीही पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि ‘लख्ख पायजे’ हे शब्द आपलेच होते हेही त्यांना आठवत असणार. ते खाली बघायला लागले. धर्मानाना माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होता, नाही म्हणून. आणि मी तोंड मिटलं. मला कोर्टापुढं उभं केलं असतं, कदाचित तुरुंगात घातलं असतं. त्या भीतीनं मिटलं. आजवर याला दुसरं नाव देण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमला नाही.

डबे घेऊन धावत गेला म्हणून साहेबांनी त्याला मोठी शिक्षा केली नाही. कामावरून काढलं आणि पुढच्या बोटीनं देशी धाडलं. दाखल्यावर लिहिलं : ‘सरकारी कापड चुकीनं धुऊन नासलं.’ निघताना त्यानं माझी कुंची मागितली. ती तशीही रद्दीत निघाली होती. मी दिली. “नाना, का केलंत असं?” एवढंच मी कसंबसं विचारलं. तो हसला, खोकला, आणि गाडीत चढला.

मी पुढं नाईक झालो, हवालदार झालो, लढाई संपल्यावर फौज सोडून घरी आलो. भुईंज माझ्या गावापासून अर्ध्या दिवसाची वाट. तरी फ्रान्सनंतर पाय तिकडं वळायला आठ वर्षं लागली. शेवटी एका खंडेनवमीला पहाटे उठलो, एक नारळ घेतला आणि निघालो.

कृष्णेच्या काठाला परटांची चार घरं. दारात एक बाई शेणानं सारवत होती. मी विचारलं, “धर्माजी परीट?”

“हितंच. तुमी कोन?”

“भिवा धनावडे. जावळीचा. पलटणीत होतो.”

तिनं हात तसेच वर धरले आणि घरात तोंड करून हाक मारली, “आवं, इस्त्रीवाले भिवाजी आल्याती!”

शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. एक म्हातारा म्हणाला, “तुमीच व्हय ते? सायबाच्या मुलखात बंदुकीच्या वळीत आमच्या धर्माची इस्त्री मांडली ती? मधोमध?” मी गोंधळून उभा राहिलो. त्या वस्तीतल्या पोराटोरांनासुद्धा ती गोष्ट पाठ होती. शेवंतीची फुलं, सफरचंदाचा नारळ, ‘तुझा कोट कडक कुणामुळं दिसतो’ हे माझं वाक्यसुद्धा. ते त्याच्या कानावर कुणी घातलं होतं कोण जाणे. मी त्याचे उपकार मानायला आलो होतो आणि इथं आठ वर्षं माझेच उपकार सांगितले जात होते. कशाचे, तर नवमीला नववी वस्तू हवी म्हणून सहज मागून नेलेल्या इस्त्रीचे.

धर्मानाना बाहेर आला. वाळला होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला, पण आवाज तीच घरघर. “यं. येळंवर आलास. पूजा मांडलीया.”

आत भिंतीशी पाट होता. त्यावर ती पितळी इस्त्री, धोपाटणं, आणि शेवटाला एक मळकट करडी पिशवी, अभ्रकाचा चौकोन तडकलेला. दारातूनच तो वास आला आणि माझे डोळे भरून आले.

“ही कसली पिशवी कुनास ठावं,” नानाची बायको म्हणाली. “परटाच्या घरात न धुतलेलं येवढं येकच कापड. हात लावू देत न्हाईत.”

“आणि ह्यांचा आवाज?” मी विचारलं.

“थंडीनं गेला म्हनत्यात. नशीब म्हनायचं. धुन्यात चूक झाली म्हून सरकारनं काढलं. त्यो कागद पाटलांच्या वाड्यात वाचला नि त्येंनी बी धुनं बंद केलं. सरकारचं नासलं ते आमचं नासंल, म्हनाले.”

धर्मानाना खोकत म्हणाला, “भिवा, बस. पानी पी.”

मी बसलो नाही. दारात जमलेल्या माणसांकडे तोंड केलं आणि फ्रान्समध्ये मिटलेलं तोंड तिथं उघडलं. टब सांगितला, साबण सांगितला, चार पाणी सांगितली. दोन डबे, तीन शर्ट, आणि उघड्या तोंडानं बसलेला माणूस सांगितला. “धुण्यात चूक माझी झाली,” मी म्हटलं. “ह्यांच्या हातनं उभ्या जन्मात एक कापड चुकीचं धुतलं गेलेलं नाही. उद्या पाटलांच्या वाड्यावर जाऊन हेच सांगणार आहे. आठ जण जिते राहिलो ते ह्यांच्या पिळण्यानं.”

धर्मानाना खाली बघत होता.

“नाना, तेव्हा विचारलं होतं. का घेतलंत अंगावर?”

त्यानं बोटानं इस्त्री दाखवली. “तू धुराला भिऊन मागितली न्हवतीस, उपकार फेडायला न्हवतीस. उगीच मागितलीस. माझ्या बापानं ही इस्त्री चाळीस वर्सं वडली, कुनी तिला हत्यार म्हटलं न्हवतं.” मग डोळे पुसून नेहमीसारखा करडा झाला. “आता लई झालं. नारळ आनलाईस न्हवं? फोड.”

त्या वर्षी राहिलेला तो नारळ. मी पाटापुढं बसलो आणि दगड उचलला.

“थांबा,” बाई म्हणाली. पुढं होऊन तिनं कुंचीवर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि नारळाचं पाणी उडू नये म्हणून कुंचीपुढं पदर आडवा धरला.